बिनसाखरेची व्हिस्की सावर, डिंकाच्या पाकातली

व्हिस्की सावर म्हणजे व्हिस्की, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक हलवून केलेलं, वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस असलेलं कॉकटेल. त्यातली व्हिस्की बहुधा बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकी व्हिस्की. बर्बनमध्ये साखर नसते. मका आणि बाकीचं धान्य आंबवताना त्यातल्या साखरेचं अल्कोहोल होतं, उरलीसुरली साखर ऊर्ध्वपातनात मागे राहते, आणि अमेरिकी कायद्यानुसार बर्बनमध्ये पाण्याखेरीज वरून काहीही मिसळायला मनाई आहे. म्हणजे ६० मिलीचा लार्ज पेग घेतला तरी कर्बोदकं जवळजवळ शून्य. व्हिस्की सावरमधली साखर येते ती पाकातून. नेहमीच्या मापाने एका ग्लासात २२ मिली पाक पडतो. अर्धी साखर, अर्धं पाणी असा तो पाक असला तर त्यात १३ ग्रॅमच्या पुढेच साखर भरते. लिंबाच्या रसातून दीड ग्रॅम. वर बरणीतली लाल चेरी आणि संत्र्याची चकती खोचली की आणखी तीन-चार ग्रॅम. आणि ताज्या लिंबाऐवजी बाटलीतलं तयार सावर मिक्स ओतलं असेल, तर हिशेब करण्यातही अर्थ नाही.

मग पाक काढून त्या जागी स्टीव्हियाचे चार थेंब टाकले की झालं, असं कुणालाही वाटेल. करून बघा. गोड लागतं, पण पेय पाणचट होतं, लिंबू दातांना लागतं, दारूचा चटका घशात राहतो आणि वरचा फेस बघता बघता बसतो. कारण सावरमधली साखर एकटी चार कामं करत असते. ती आंबटपणाला तोलून धरते. पेयाला दाटपणा देते, म्हणजे घोट जिभेवर टिकतो. अल्कोहोलची धार बोथट करते. आणि फेसातलं पाणी लवकर खाली निथळू देत नाही, म्हणून फेस उभा राहतो. साखर काढायची असेल तर ही चारही कामं कुणाकुणाला तरी वाटून द्यावी लागतात. पुढे जे लिहिलंय ते या वाटणीबद्दल आहे.

मी सांगलीची. बी.फार्म. तिकडेच केलं, आता केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये एका फार्मसीत काम करते. या शहरात बर्बनकडे दुर्लक्ष करणं अवघड आहे. मेन स्ट्रीटवर जुन्या व्हिस्की कंपन्यांच्या इमारतींची ओळच्या ओळ उभी आहे, गावाबाहेर पडलं की टेकड्यांवर पिंपं मुरवायची काळपट पडलेली गोदामं दिसतात. नवऱ्याला शनिवारी संध्याकाळी एक सावर आवडते. त्याचं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आलं तेव्हा डॉक्टरांनी भात, पोळी, गोड सगळ्यावर बोट ठेवलं आणि ग्लासातल्या पाकावरही. त्याने सावर सोडून नुसती व्हिस्की बर्फावर घ्यावी, हा एक मार्ग होता. पण आवडीची एक गोष्ट आठवड्यातून एकदा नीट करून मिळावी, असं मला मनापासून वाटत होतं. आणि पातळ द्रवाला दाटपणा कसा आणायचा, हे तर मी कॉलेजात शिकले होते.

गोडी कशाची

माझी निवड अल्युलोज. ही रासायनिक दृष्ट्या साखरच आहे, फ्रुक्टोजची जवळची बहीण, अंजिरात आणि मनुकांत अगदी थोडी सापडते. शरीर तिचा इंधन म्हणून वापर जवळजवळ करत नाही; बहुतेक भाग लघवीवाटे जसाच्या तसा निघून जातो. ग्रॅममागे कॅलरी धरायच्या ०.४, साखरेच्या ४. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, २०१९ मध्ये अल्युलोज लेबलवरच्या साखरेच्या आकड्यात धरायची गरज नाही असं जाहीर केलं. मात्र एकूण कर्बोदकांच्या ओळीत ती दिसते, त्यामुळे पाकिटावरचा मोठा आकडा बघून घाबरू नका. तेवढे ग्रॅम वजा करायचे.

सावरसाठी तिचा खरा गुण वेगळाच आहे. ती पाण्यात भरपूर विरघळते आणि फ्रीजमध्येही खडे धरत नाही. साखरेच्या साधारण ७० टक्के गोड असल्यामुळे एका भाग पाण्याला दोन भाग अल्युलोज, वजनाने, असा पाक केला की तो मिलीला मिली नेहमीच्या अर्ध्या-अर्ध्या पाकाइतकाच गोड उतरतो. कुठलीही जुनी कृती घ्या, पाकाचं माप बदलायची गरज पडत नाही.

एरिथ्रिटॉल भारतात सहज मिळतं, म्हणून त्याबद्दलही लिहिते. ते साखरेच्या ६०-७० टक्के गोड आहे, पण थंड पाण्यात फार विरघळत नाही. दाट पाक केला की दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी वाळूसारखा थर बसतो. शिवाय विरघळताना ते उष्णता शोषून घेतं, त्यामुळे तोंडात एक औषधी गारवा येतो, जो बर्बनच्या लाकडी, व्हॅनिलासारख्या वासाशी जुळत नाही. २०२३ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्या लोकांत हृदयविकाराचं आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त दिसल्याचं मांडलं. त्यावरून एरिथ्रिटॉल हेच कारण आहे असं सिद्ध होत नाही, पण ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांना मी दुसरं काहीतरी सुचवते.

स्टीव्हियाला मागून येणारी कडवट चव आहे. चहात ती खपते. पिंपातल्या ओकचा तुरटपणा आणि लिंबाची साल यांच्या जोडीला ती आली की कडूच पुढे येतं. मंक फ्रूट या चिनी फळाच्या गोड अर्काचे शुद्ध थेंब जास्त सभ्य आहेत. पण मंक फ्रूटच्या नावाने विकली जाणारी पाकिटं उलटून बघा, आत ९८-९९ टक्के एरिथ्रिटॉलच असण्याची शक्यता मोठी. सुक्रालोजच्या छोट्या पुड्यांत भर म्हणून डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घातलेलं असतं, पुडीमागे जवळपास एक ग्रॅम, आणि ती कर्बोदकंच. आणि 'शुगर फ्री' लिहिलेल्या तयार सिरपमध्ये माल्टिटॉल असेल तर ते रक्तातली साखर वाढवतं, साखरेपेक्षा कमी, पण वाढवतं.

गूळ, मध, काकवी, नारळाची साखर यांबद्दल मला दुकानात सारखं विचारलं जातं. मी उसाच्या जिल्ह्यातली आहे, गुळावर माझं प्रेम आहे, तरीही सांगते: या हिशेबात ती सगळी साखरच आहे.

डिंक

आता दाटपणा. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन बारटेंडर साधा पाक वापरायचेच, पण चांगल्या बारमध्ये गम सिरप असायचं, म्हणजे साखरेच्या पाकात बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक विरघळवलेला. त्याने पाक रेशमी होतो, खडे धरत नाही, आणि पेयाला अंग येतं. पुढे बार घाईचे झाले आणि गम सिरप मागे पडलं. साखर काढून टाकल्यावर नेमकी जी पोकळी राहते ती भरायला यापेक्षा चांगली वस्तू मला माहीत नाही. डिंक हा विरघळणारा तंतू आहे, लहान आतड्यात पचत नाही, त्यामुळे रक्तातली साखर वाढवत नाही.

फार्मसीच्या विद्यार्थ्यांना तो अकॅशिया म्हणून माहीत असतो. पहिल्या वर्षीच्या प्रॅक्टिकलला चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंकाची पूड असं खलात घोटून इमल्शन करायचं, खलातून कडकड असा आवाज यायला लागला की समजायचं जमलं. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्याचा हाच गुण कोलाच्या बाटलीत वापरतात आणि हाच आपल्याला ग्लासात हवा आहे, कारण लिंबाच्या सालीतलं तेल डिंकामुळे पेयात पसरून राहतं, नुसतं वर तरंगत नाही.

इंडियन ग्रोसरीत डिंकाचं पाकीट घेताना नीट बघा. शेजारीशेजारी दोन वस्तू ठेवलेल्या असतात: गोंद आणि गोंद कतीरा. कतीरा पाण्यात फुगतो, त्याची जेली होते. सरबतात छान, आपल्या कामाचा नाही. हवा तो आपला लाडवांचा डिंक, पण त्यातही प्रकार आहेत. धावड्याचा डिंक लाडवाला उत्तम, तुपात मस्त फुलतो, मात्र पाण्यात पूर्ण विरघळत नाही. बाभळीचा किंवा खैराचा डिंक विरघळतो. पाकिटावर झाडाचं नाव बहुतेक नसतंच, म्हणून घरी परीक्षा करायची: हरभऱ्याएवढा खडा दोन चमचे कोमट पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचा. सकाळी तो नाहीसा होऊन पाणी चिकट, मधाच्या रंगाचं झालं असेल तर तो डिंक योग्य. फुगून गोळा बसला असेल तर लाडवांसाठी ठेवून द्या आणि पाकासाठी अकॅशिया गमची खाण्याची पूड मागवा. डिंक तळायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण मैत्रिणीने विचारलं होतं म्हणून सांगितलं.

पाकासाठी २० ग्रॅम डिंक, २०० ग्रॅम अल्युलोज आणि एकूण १०० मिली पाणी घ्या. चमच्याने मापू नका, किचन स्केल वापरा. डिंकाच्या खड्यांचं चमच्याचं माप भरवशाचं नसतं. डिंक खलबत्त्यात जाडसर कुटायचा. मिक्सरमध्ये फिरवला तर गरम होऊन पात्याला चिकटतो. ही पूड ४० मिली कोमट पाण्यात भिजवून झाकून रात्रभर ठेवा. पूड पाण्यावर भुरभुरत टाका आणि ढवळत राहा. एकदम ओतली की बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत.

सकाळी हे मिश्रण मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा. सालीचे तुकडे, काडीकचरा, कधी वाळूचा कण, सगळं फडक्यात राहतं. मग उरलेलं ६० मिली पाणी लहान पातेल्यात मंद आचेवर तापवा, त्यात अल्युलोज विरघळवा, आणि गॅस बंद करून डिंकाचं पाणी ओता. उकळायचं नाही. अल्युलोज साखरेपेक्षा लवकर तांबूस होते, आणि जास्त तापवली की पाकाला करपट कॅरॅमलची चव येते. वर पांढुरका फेस जमेल तो चमच्याने काढा. गार झाल्यावर पाक चमच्यावरून एकसंध, जाड धारेने पडायला हवा. साधारण २४० मिली होतो, म्हणजे सोळाएक ग्लासांची सोय. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, महिनाभर ठेवते मी. वास बदलला किंवा वर तवंग आला तर फेकून द्यायचा.

भारतात अल्युलोज हाताशी नसेल तर १०० मिली पाण्याला २५ ग्रॅम एरिथ्रिटॉल आणि २० ग्रॅम डिंक एवढ्यावर थांबा, आणि उरलेली गोडी मंक फ्रूटच्या थेंबांनी चाखत चाखत वाढवा. दाटपणाचं काम डिंक करतोच, त्यामुळे एरिथ्रिटॉल कमी घालून भागतं. फ्रीजमध्ये खडे दिसले तर बाटली कोमट पाण्यात धरायची. झँथन गमच्या वाटेला जाऊ नका. चिमूटभर जास्त पडला की पेय लिबलिबीत, ताराताराचं होतं.

व्हिस्की आणि लिंबू

मी बॉटल्ड इन बाँड लिहिलेलं बर्बन घेते. १८९७ च्या कायद्याने ठरवलेला हा दर्जा आहे: एकाच डिस्टिलरीत एकाच हंगामात गाळलेली, किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची. सावरमध्ये लिंबू, पाक आणि बर्फाचं पाणी पडतं, त्यात ४० टक्क्यांची व्हिस्की हरवते. ५० टक्क्यांची ४५ मिली घातली तरी चव पुढे राहते, आणि शुद्ध अल्कोहोल ६० मिली साध्या बर्बनपेक्षा थोडं कमीच जातं. मक्याचा भाग मोठा असलेलं बर्बन मुळात गोडसर लागतं (कायद्याने निदान ५१ टक्के मका लागतोच), आणि नव्या जाळलेल्या ओकच्या पिंपातून व्हॅनिलाचा वास येतो. नाकाला व्हॅनिला मिळाला की जिभेला गोडी जास्त जाणवते. साखर कमी करायची असताना हे फुकटचं घबाड आहे. राय व्हिस्की तिखट, कोरडी. मला ती साखर असलेल्या सावरमध्ये आवडते, या सावरमध्ये नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. आपल्याकडच्या बऱ्याच व्हिस्क्यांत मळीपासून केलेलं स्पिरिट असतं, आणि मळी म्हणजे साखर कारखान्यातली म्हणून त्यात साखर असणार, असं लोक मला विचारतात. ऊर्ध्वपातनात साखर वर येत नाही. कर्बोदकांची भीती मळीमुळे बाळगायचं कारण नाही. चव ही वेगळी गोष्ट. सावरसाठी थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर गोव्याच्या पॉल जॉनची बिनधुराची ब्रिलियन्स चांगली जमते. धुराची चव असलेली व्हिस्की मात्र लिंबाशी भांडते. मध, सफरचंद, दालचिनी अशा स्वादांच्या व्हिस्क्या पूर्ण टाळा. त्यांत साखर घातलेली असते आणि बाटलीवर किती ते लिहिलेलं असेलच असं नाही.

लिंबू अमेरिकेतलं मोठं, पिवळं, जाड सालीचं. मूळ कृती त्याच्यावर बेतलेली आहे. आपलं कागदी लिंबू वेगळ्या वासाचं आणि जास्त टोकदार. ते वापरायचं तर १५ मिलीऐवजी १२ मिली घ्या आणि वर संत्र्याची साल नक्की पिळा, म्हणजे बर्बनच्या बाजूने थोडा मऊपणा येतो. रस त्याच दिवशी काढलेला हवा. लिंबू पिळताना सालीच्या आतला पांढरा भाग चिरडेपर्यंत दाबू नका, त्यातला कडूपणा लपवायला आता साखर नाही. रस गाळून घ्या. आणि पिळायच्या आधी साल काढून ठेवा, पिळल्यावर ती नीट निघत नाही.

ग्लास

एका ग्लासाला तीन टेबलस्पून बर्बन, एक टेबलस्पून लिंबाचा रस, एक टेबलस्पून डिंकाचा पाक. म्हणजे ४५, १५ आणि १५ मिली. साधी ४० टक्क्यांची व्हिस्की असेल तर ६०, २० आणि २०. यात अर्ध्या अंड्याचं पांढरं, साधारण १५ मिली, आणि मिठाचे तीन थेंब. मिठासाठी २० ग्रॅम मीठ ८० मिली पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत ठेवा. तीन थेंबांनी खारट लागत नाही, पण कडूपणा मागे सरतो आणि गोडी पुढे येते. गोडीचं पारडं असं साखरेविना जड करता येतं. ड्रॉपर नसेल तर बोटांच्या टोकावर मावेल एवढीच चिमूट.

आधी बर्फाशिवाय हलवायचं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची लोणच्याची काचेची बरणी चालते, फक्त तिचा वास पूर्ण गेलेला हवा. पंधरा सेकंद जोरात. या वेळी झाकण हाताने दाबून धरा: आत काही थंड नसल्यामुळे धातूचा शेकर आवळून बसत नाही, फेस वाढतो आणि झाकण उचललं जातं. मग मोठे, फ्रीझरमधून नुकतेच काढलेले बर्फाचे तुकडे भरा आणि आणखी दहा-बारा सेकंद हलवा, शेकर बाहेरून पांढरा पडून बोटांना झोंबेपर्यंत. या हलवण्यात ४० मिलीच्या आसपास पाणी पेयात उतरतं, ते मापातच धरलेलं आहे. वितळायला लागलेला बर्फ वापरलात तर ते दुप्पट होतं आणि डिंकाने कमावलेलं सगळं जातं. घरच्या ट्रेमधला बर्फ ओला दिसत असेल तर ओतण्याआधी कोरड्या फडक्यावर टाकून घ्या.

थंड ग्लासात बारीक गाळणीतून ओता. एक मिनिट थांबा. फेस वर येऊन बोटभर थर बसतो, खालचं पेय फिकट सोनेरी आणि वरचा थर सायीसारखा गुळगुळीत. साखरेच्या सावरपेक्षा हा फेस जास्त वेळ टिकतो, हे डिंकाचं काम. आता फेसावर अँगोस्तुरा बिटर्सचे (मसाल्यांचा कडू अर्क) तीन थेंब टाका. अंड्याचा किंचित उग्र वास नाकात जायच्या आधी लवंग-दालचिनीच्या अंगाचा वास जातो, त्यासाठी हे थेंब वरच हवेत, आत नाहीत. शेवटी संत्र्याची दोन इंची साल, रंगीत बाजू खाली करून, ग्लासावर दुमडा. तेलाचे बारीक तुषार फेसावर पडताना दिसतात. साल ग्लासाच्या काठावर फिरवून टाकून द्या. चेरी नको, चकती नको. जायफळ हवं तर किसणीवर एकदाच ओढा.

कच्च्या अंड्याबद्दल. साल्मोनेला या जंतूचा धोका खरा आहे, आणि व्हिस्की व लिंबू तो मारून टाकतात यावर विसंबू नका. अमेरिकेत पाश्चराइज्ड पांढऱ्याचे डबे मिळतात. त्याचा फेस जरा कमी येतो, बर्फाशिवायचं हलवणं पंधराऐवजी तीस सेकंद करा. भारतात आणि अंडं न खाणाऱ्यांसाठी छोले शिजवलेलं पाणी, बिनमिठाचं, आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट केलेलं, २० मिली. वास येईल अशी भीती वाटते, बिटर्सखाली तो येत नाही. गुरुवार पाळणाऱ्या आमच्या एका मित्राला मी अशीच करून देते, शुक्रवारी अर्थातच.

सगळं धरून एका ग्लासात दीड ग्रॅमच्या आत कर्बोदकं राहतात, जवळजवळ सगळी लिंबाची. अल्युलोज बारा-तेरा ग्रॅम जाते. तेवढी बहुतेकांना सोसते; दोन ग्लास झाले की काहींच्या पोटात गुडगुड सुरू होते.

औषधं चालू असतील तर

हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने बोलते आहे, आणि कृतीपेक्षा हे जास्त मनावर घ्यावं. कर्बोदकं कमी म्हणजे पेय हलकं, असं नाही. या ग्लासात सुमारे १८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आहे. अमेरिकेत एक स्टँडर्ड ड्रिंक १४ ग्रॅमचं मानतात. नुसत्या अल्कोहोलच्याच सव्वाशे कॅलरी होतात.

यकृत अल्कोहोल निस्तरण्यात गुंतलं की नवी साखर रक्तात सोडण्याचं त्याचं काम मंदावतं. इन्सुलिन घेणाऱ्यांना किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लायबेनक्लामाइड अशा गोळ्या चालू असलेल्यांना त्यामुळे साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि तीही लगेच नाही, काही तासांनी, झोपेत. पाकाच्या सावरमध्ये निदान थोडी साखर तरी पोटात जात होती. इथे तीही नाही. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं ही साखर उतरल्याची लक्षणं चढलेल्या माणसासारखीच दिसतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं पिऊन झोपलाय. या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारल्याशिवाय ही सावर करू नका, आणि विचारून घेतलीत तरी जेवणाबरोबरच घ्या, रिकाम्या पोटी कधीच नाही, आणि झोपण्याआधी साखर तपासा. मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांनी प्रमाण सांभाळावं. जास्त दारू आणि मेटफॉर्मिन मिळून लॅक्टिक ॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा, धोका वाढतो, मूत्रपिंड किंवा यकृत आधीच कमजोर असेल तर आणखीच. आमच्या घरी शनिवारी एक, आणि तेवढंच.

चकण्याकडेही बघा. ग्लासातले तेरा ग्रॅम वाचवायचे आणि शेजारी फरसाणाची वाटी, बटाट्याच्या वेफर्सची पिशवी मोकळी सोडायची, यात काय साधलं? उकडलेल्या अंड्यांवर काळं मीठ-मिरी, पनीरचे तव्यावर लाल केलेले तुकडे, काकडी-कांदा-लिंबू, मूठभर खारे दाणे. आमच्याकडे बोंबील मिळाले तर रव्याविना, नुसत्या हळद-तिखट-मिठात कडक भाजते. सावरच्या आंबटपणाला बोंबील जसा साथ देतो तशी साथ मला दुसऱ्या कशातही दिसलेली नाही.

पाहुणे असले तर अंडं वगळून बाकी सगळं, बर्बन, रस, पाक आणि मीठ, सकाळीच बाटलीत मिसळून फ्रीजमध्ये ठेवा. सहा ग्लासांसाठी २७० मिली बर्बन, प्रत्येकी ९० मिली रस आणि पाक, मिठाचे अठरा थेंब. ओतण्याआधी बाटली उलटीसुलटी करा, पाक तळाशी बसतो. एका ग्लासाला ७५ मिली घेऊन अंड्याच्या पांढऱ्यासह दर वेळी दोनच ग्लास हलवा, तिसरा शेकरमध्ये मावत नाही.

हाच पाक ओल्ड फॅशन्डलाही चालतो, आणि तिथे काम फारच थोडं आहे. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या एका वर्तमानपत्राने कॉकटेलची व्याख्या दारू, साखर, पाणी आणि बिटर्स अशी छापली होती. ओल्ड फॅशन्ड म्हणजे जवळपास तेच. ४५ मिली बर्बन, एक टीस्पून डिंकाचा पाक, बिटर्सचे दोन-तीन झटके, मोठ्या बर्फावर अर्धा मिनिट ढवळायचं, हलवायचं नाही, वर संत्र्याची साल. लिंबू नसल्यामुळे तोलायला आंबट काही नाही, म्हणून टीस्पूनभर पाक पुरतो, आणि कर्बोदकं तर नावालाच उरतात.